आर्डुइनोच्या २ किलोबाइटसाठी हॅस्केल

गच्चीवरच्या टाकीत दोन फ्लोट स्विच, खाली पंपाची मोटर आणि मध्ये एक आर्डुइनो ऊनो, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. पाणी खालच्या फ्लोटच्या खाली गेलं की मोटर चालू, वरच्या फ्लोटला लागलं की बंद. हौसेनं इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या अनेकांच्या हातून हा किंवा असाच प्रकल्प झालेला असतो, आणि पहिल्या दिवशी तो चालतोही. त्रास सुरू होतो तो पुढच्या मागण्यांपासून. मोटर चालू असताना एक दिवा लुकलुकावा. खालच्या हौदात पाणीच नसेल तर मोटर कोरडी चालत राहू नये. आणि ती अशी थांबली तर कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू होऊ नये.

आर्डुइनोच्या नेहमीच्या सी++ मध्ये दिवा लुकलुकवायचा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत असतो: लाव, ५०० मिलिसेकंद थांब, विझव, पुन्हा ५०० थांब. या थांबण्याच्या काळात तुमचा प्रोग्रॅम खरोखरच थांबलेला असतो. फ्लोट बदलला, बटण दाबलं, तरी तो तिकडे बघत नाही. मग जाणकार सांगतात की ‘डिले’ वापरू नका, ‘मिलिस’ने वेळ मोजा. सल्ला योग्यच आहे. पण आता प्रत्येक गोष्टीसाठी ‘शेवटचं कधी बदललं’ हे लक्षात ठेवणारं एक व्हेरिएबल लागतं. ते चुकून ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवलं तर ऊनोवर ते १६ बिटांचं असतं आणि ३२,७६७ मिलिसेकंदांनंतर, म्हणजे अर्ध्या मिनिटात, उणे होतं. शिवाय मोटर चालू आहे का, दिवा चालू आहे का, मोटर अडकून बंद झाली आहे का, यासाठी वेगवेगळे फ्लॅग, म्हणजे हो-नाहीच्या खुणा. काही काळाने मोटरचं व्हेरिएबल प्रोग्रॅममध्ये पाच ठिकाणी बदललं जात असतं, आणि ‘मोटर आत्ता का चालू आहे?’ या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही एका ओळीत सापडत नाही.

फंक्शनल भाषा मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे असल्या बोर्डावरच्या छोट्या संगणक-चिपवर, आणण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मोटरचं उत्तर मोटरच्या व्याख्येतच असावं, आणि ती व्याख्या एकाच जागी असावी.

न बदलणाऱ्या किमती आणि बदलणारी पिन

फंक्शनल भाषांचे मूळ नियम दोनच. एकदा नाव दिलं की त्या नावाची किंमत बदलत नाही. आणि फंक्शनला तेच इनपुट दिलं की उत्तर नेहमी तेच येतं. हा विचार आजच्या संगणकांच्याही आधीचा आहे. अलोन्झो चर्च या अमेरिकी गणितज्ञाने १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस मांडलं, तिथपासूनचा. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेवर काम सुरू केलं आणि १९९० मध्ये हॅस्केल भाषेची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली. या लेखात मी हॅस्केलच धरून चाललो आहे.

आता खरी अडचण बघा. पिन क्रमांक ७ (बोर्डावरची वायर जोडायची जागा) वाचली. आत्ता ‘हो’ आलं, पुढच्या क्षणी ‘नाही’. फंक्शन तेच, पिन तीच, उत्तर वेगळं. दिवा आणि मोटर तर बदलण्यासाठीच आहेत. मग जिथे काही बदलतच नाही अशा भाषेत हे सगळं लिहायचं कसं?

यावरची युक्ती फार सुंदर आहे. पिनची ‘आत्ताची’ किंमत हातात धरायचीच नाही. बोर्डाला वीज मिळाल्यापासून ती जाईपर्यंत त्या पिनवर जी जी वाचनं येतील, त्या सगळ्यांची मिळून एक अखंड रांग कल्पायची: नाही, नाही, हो, हो, हो, नाही... ही पूर्ण रांग म्हणजे एक किंमत. तिला स्ट्रीम म्हणतात. काळ पुढे सरकतो तसे आपण त्या रांगेतले पुढचे पुढचे घटक बघतो, पण रांग म्हणून ती एकच आहे. दिव्याचीही अशीच एक रांग, मोटरचीही. मग प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे एवढंच सांगायचं की मोटरची रांग फ्लोटच्या रांगांपासून कशी मिळते.

एक्सेल वापरणाऱ्याला हे नवीन वाटू नये. बेरजेच्या खान्यात आपण सूत्र लिहितो. वरचा एखादा आकडा बदलला की ‘आता बेरीज पुन्हा कर’ असं कुणी सांगत नाही. बेरीज म्हणजे काय हे एकदा लिहिलेलं असतं आणि ते कायम खरं राहतं. स्ट्रीमच्या भाषेतला प्रोग्रॅम असाच सूत्रांचा संच असतो, फक्त प्रत्येक खान्याला काळाची लांबी असते.

हा विचार हॅस्केलवाल्यांच्या एकट्याचा नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला १९८० च्या दशकात पॉल कॅस्पी आणि निकोला आल्ब्वाक्स यांनी लुस्त्र नावाची भाषा याच पायावर उभी केली. तिच्यातून पुढे आलेलं स्केड हे साधन एअरबसच्या विमानांच्या उड्डाण नियंत्रणाचं सॉफ्टवेअर लिहायला वापरलं गेलं. कंट्रोल इंजिनिअर कागदावर ठोकळे आणि बाण काढून विचार करतात. लुस्त्रने तोच विचार भाषेत आणला. हॅस्केलच्या जगात १९९७ मध्ये कॉनल एलियट आणि पॉल हुडाक यांनी अ‍ॅनिमेशनसाठी काळाबरोबर बदलणाऱ्या किमतींची अशीच मांडणी केली आणि तिथून फंक्शनल रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंग ही शाखा वाढली.

टाकीचा प्रोग्रॅम

बोर्डाचा वेळ समान ठोक्यांमध्ये चालतो असं धरू, दर ठोका १०० मिलिसेकंदांचा. खालच्या ओळींत नावं मी मराठीत घातली आहेत, रचना मात्र हॅस्केलमधल्या कोपायलट या भाषेची आहे.

लुकलुक = [चालू] ++ उलट लुकलुक

चौकटी कंसात पहिल्या ठोक्याची किंमत आहे. दोन अधिक चिन्हांच्या पुढे त्यानंतरच्या ठोक्यांची. पहिला ठोका चालू. दुसरा ठोका म्हणजे पहिल्याच्या उलट, बंद. तिसरा दुसऱ्याच्या उलट, चालू. रांग स्वतःच्याच मागच्या किमतीवरून पुढे वाढत जाते. कुठे ‘थांब’ नाही, कुठे फ्लॅग नाही.

शंभर मिलिसेकंदांची लुकलुक डोळ्यांना फार घाईची वाटते. ती हळू करायची तर:

लुकलुक = [चालू, चालू, चालू, चालू, चालू] ++ उलट लुकलुक

आता पाच ठोके चालू, मग त्या पाचांच्या उलट म्हणजे पाच ठोके बंद, मग पुन्हा चालू. अर्धा सेकंद लागलेला, अर्धा सेकंद विझलेला. आणि ‘मोटर चालू असतानाच लुकलुकावं’ ही मागणी?

दिवा = मोटर आणि लुकलुक

इथे मोटर कशी चालते हे दिव्याला ठाऊक असायची गरज नाही. सी++ मध्ये याच मागणीसाठी मोटरच्या कोडमध्ये पाच ठिकाणी हात घालावा लागला असता.

आता मोटर:

मोटर = [बंद] ++ निवड वरचा_बुडालेला बंद (निवड खालचा_कोरडा चालू मोटर)

‘निवड’ला तीन गोष्टी लागतात: अट, अट खरी असेल तर काय, नसेल तर काय. म्हणून ओळ अशी वाचायची: सुरुवातीला मोटर बंद. त्यानंतर वरचा फ्लोट बुडालेला असेल तर बंद. नसेल आणि खालचा कोरडा असेल तर चालू. दोन्ही नसेल, म्हणजे पाणी मधल्या पातळीवर असेल, तर मोटर आधी होती तशीच. शेवटचा ‘मोटर’ हा शब्द म्हणजे या यंत्रणेची सगळी स्मृती. भरताना मधल्या पातळीवर मोटर चालू राहते आणि पाणी वापरताना त्याच पातळीवर बंद राहते, ते त्या एका शब्दामुळे.

अटींचा क्रमही बघण्यासारखा आहे. खालचा कोरडा आणि वरचा बुडालेला, हे खऱ्या टाकीत होऊच शकत नाही. तसं वाचन आलं तर एखादा फ्लोट अडकला आहे. वरची अट आधी लिहिल्यामुळे त्या वेळी मोटर बंद राहते. हा निर्णय या ओळीत उघड दिसतो, वाचणाऱ्याला तो तपासता येतो, त्यावर वाद घालता येतो.

कोरडी मोटर थांबवायला आणखी दोन रांगा लागतात:

चाललेला_काळ = [०] ++ निवड मोटर (चाललेला_काळ + १) ०

अडकलं = [नाही] ++ निवड बटण नाही (निवड (चाललेला_काळ > १२०००) हो अडकलं)

बारा हजार ठोके म्हणजे वीस मिनिटं. इतका वेळ मोटर सलग चालून टाकी भरली नाही तर हौदात पाणी नाही असं समजायचं. (हा आकडा ज्याच्या त्याच्या टाकीनुसार बदलेल.) मोटर थांबली की काळाची मोजणी शून्यावर येते, पण ‘अडकलं’ ही रांग बटण दाबेपर्यंत ‘हो’च राहते. मग मोटरच्या व्याख्येत सगळ्यात आधी एक अट वाढवायची: अडकलं असेल तर बंद. मोटर का चालू किंवा का बंद, याचं पूर्ण उत्तर अजूनही एकाच ओळीत आहे.

हॅस्केल नेमकं चालतं कुठे?

आकडे मांडले की शंका येतेच. ऊनोवर एटीमेगा ३२८पी ही ८ बिटांची चिप असते: वेग १६ मेगाहर्ट्‌झ, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश आणि चालताना वापरायची मेमरी अवघी २ किलोबाइट. उलट हॅस्केलमधला अगदी छोटा प्रोग्रॅमसुद्धा कंपाइल केला तर मेगाबाइटच्या घरात जातो, कारण न लागणारी मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर आणि बाकी सगळा सरंजाम त्याच्याबरोबर येतो. फ्लॅशमध्येच तो मावणार नाही, चालणं दूरच.

म्हणून हॅस्केल बोर्डावर जातच नाही. ते लॅपटॉपवर चालतं. वर लिहिलेल्या ओळी म्हणजे हॅस्केलच्या दृष्टीने रांगांमधल्या नात्यांचं वर्णन, एक आकृती. कोपायलट ती आकृती घेतं आणि तिच्यावरून सी भाषेतला प्रोग्रॅम लिहून देतं. बोर्डावर जातो तो हा सी प्रोग्रॅम. अशा, दुसऱ्या भाषेच्या पोटात वसवलेल्या छोट्या भाषेला एम्बेडेड डीएसएल म्हणतात.

कोपायलटचा जन्म हौशी कामासाठी झालेला नाही. नासाच्या लँग्ली संशोधन केंद्राच्या पाठबळावर गॅलॉइस ही कंपनी आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस यांनी ती घडवली, विमानातल्या यंत्रणांवर उड्डाण चालू असताना नजर ठेवण्यासाठी. हवेचा वेग मोजणाऱ्या अनेक नळ्यांची वाचनं एकमेकांशी जुळतात का, असल्या तपासण्यांसाठी. पुढे २०२० मध्ये जोई हेस यांनी आर्डुइनो-कोपायलट ही लायब्ररी लिहिली आणि तेच साधन ऊनोसारख्या बोर्डांसाठी खुलं झालं.

बनलेल्या सी प्रोग्रॅमचा सांगाडा साधा असतो. दर ठोक्याला इनपुट पिना वाचायच्या, सगळ्या रांगांच्या नव्या किमती जुन्या किमतींवरून काढायच्या, मग सगळ्या एकदम बदलायच्या, आउटपुट पिनांवर टाकायच्या, ठोक्याचा वेळ थांबायचं. ‘एकदम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोटर आधी बदलली की दिवा आधी, असा प्रश्नच उद्भवत नाही, कारण सगळे एकाच जुन्या क्षणाकडे बघून हिशोब करतात.

आणि मेमरी? प्रत्येक रांगेसाठी चौकटी कंसात जितक्या किमती, तितकेच खाने बोर्डावर राखले जातात. मोटरला एक बाइट. लुकलुकीला पाच. चाललेला काळ १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइट. ‘अडकलं’ला एक. किमतींसाठी सगळे मिळून ९ बाइट, आणि कोणता खाना पुढचा हे लक्षात ठेवायला थोडे आणखी. प्रोग्रॅम वर्षभर चालला तरी हा आकडा वाढत नाही. गार्बेज कलेक्टर नसतो, कारण गोळा करायला काही उरतच नाही. रांग कल्पनेत अनंत आहे. बोर्डावर तिची फक्त पुढच्या ठोक्याला लागणारी शेपटी असते.

नवशिक्याचा गोंधळ होतो तो इथल्या दोन वेगळ्या वेळांमुळे, म्हणून यावर थोडं थांबतो. एक वेळ लॅपटॉपवरची, जेव्हा हॅस्केल चालतं आणि सी लिहिलं जातं. दुसरी बोर्डावरची, जेव्हा ठोके पडतात. हॅस्केलचा नेहमीचा जर-तर पहिल्या वेळेत चालतो. ‘वरचा फ्लोट बुडालेला आहे का’ याचं उत्तर त्या वेळी अस्तित्वातच नसतं. बोर्ड अजून टेबलावर पडलेला असतो. म्हणून स्ट्रीमसाठी ‘निवड’, मूळ नाव मक्स, ही वेगळी क्रिया आहे, जी बोर्डावरच्या वेळेसाठी सीमध्ये अट लिहून देते. दोन्हींची गल्लत केली तर हॅस्केलचा टाइप चेकर, म्हणजे किमतींचे प्रकार जुळतात का हे तपासणारा भाग, तिथेच अडवतो. पण पहिल्या वेळेचा मोठा फायदाही आहे. सहा टाक्या आहेत? सहा टाक्यांच्या यादीवर एक फंक्शन चालवा. हॅस्केल सहा मोटरींची नाती तयार करेल. यादी, फंक्शनला दिलेली फंक्शनं, हे सगळं ऐश्वर्य लॅपटॉपवर खर्च होतं, आणि बोर्डावर फक्त सरळसोट सी पोचतं.

टाइप चेकर आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. ऊनोवर पीडब्ल्यूएम, म्हणजे दिव्याचा प्रकाश कमीजास्त करण्याची सोय, फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवर आहे. आर्डुइनोच्या नेहमीच्या लायब्ररीत पिन १३ ला ‘अर्धा प्रकाश’ सांगितला तर ती तक्रार करत नाही. २५५ पैकी १२८ किंवा अधिक असेल तर पिन पूर्ण चालू करते, कमी असेल तर पूर्ण बंद. शोधत बसा मग वायरिंगमधली चूक. आर्डुइनो-कोपायलटमध्ये प्रत्येक पिनच्या टाइपमध्येच तिच्या क्षमता लिहिलेल्या असतात. पिन १३ कडे पीडब्ल्यूएम मागितलं तर सी तयारच होत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेली सोय मात्र चाचणीची. फ्लोटच्या वाचनांची एक यादी तुम्ही हाताने द्यायची, आणि लॅपटॉपवर दर ठोक्याला मोटर व दिवा काय करतील ते बघायचं. बोर्ड नको, टाकी नको, पाणी नको. वरचा फ्लोट अडकल्यावर काय होतं, वीस मिनिटांच्या ऐवजी वीस ठोक्यांची मर्यादा ठेवली तर मोटर वेळेवर थांबते का, हे टेबलावर बसून तपासता येतं. रांगेची व्याख्या इनपुटवरच अवलंबून असल्यामुळे हे शक्य होतं.

दुसरेही मार्ग आहेत. यूलिस्पमध्ये लिस्पचा इंटरप्रिटर खुद्द बोर्डावर बसतो आणि कीबोर्डवरून त्याच्याशी थेट बोलता येतं. शिकवायला हे विलक्षण छान. पण त्यात ८ बिटांच्या चिपवर यादीतला प्रत्येक घटक ४ बाइट घेतो, म्हणजे ऊनोची सगळीच्या सगळी मेमरी दिली तरी ५१२ घटक. ईएसपी३२ या मोठ्या चिपवर ५२० किलोबाइट मेमरी असते. तिथे यूलिस्पला मोकळं फिरता येतं आणि अ‍ॅटमव्हीएम वापरून एर्लांग किंवा एलिक्सर या फंक्शनल भाषाही चालवता येतात. बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला बांधून ठेवायचा आणि हॅस्केलने दुरून पिना हलवायच्या, असाही एक प्रकार आहे. प्रयोगासाठी ठीक, टाकीसाठी नाही.

कोपायलटच्या मार्गाला मर्यादाही ठोस आहेत. बोर्डावर चालताना आकार बदलणारी यादी मिळत नाही. एलसीडी पडदा किंवा एखादा विशिष्ट सेन्सर यांच्या लायब्ररी सी++ मध्ये असतात आणि त्या जोडून घ्यायला खटपट करावी लागते. मायक्रोसेकंदांचं काटेकोर काम असेल तर सी किंवा असेंब्लीच बरी. टाइपच्या चुकांचे हॅस्केलचे संदेश सुरुवातीला डोक्यावरून जातात. आणि फ्लॅग नीट सांभाळणारा शिस्तीचा सी प्रोग्रॅमर ही टाकी उत्तम चालवू शकतो, यात शंका नाही. ती शिस्त इथे भाषाच पाळते, एवढा फरक.

करून बघायचं तर लॅपटॉपवर हॅस्केलचा कंपायलर जीएचसी आणि लायब्ररी आणून देणारं कॅबल बसवा, पिन १३ वरच्या दिव्याची लुकलुक लिहा, आणि तयार झालेली सी फाइल उघडून वाचा. रांगेमागे एक अ‍ॅरे तिथे दिसेल. ती आर्डुइनोच्या नेहमीच्या आयडीईतूनच बोर्डावर चढते. टाकीपर्यंत पोचलात तर रिलेच्या (बोर्डाच्या सांगण्यावरून मोटरची वीज जोडणाऱ्या स्विचच्या) पलीकडचं २३० व्होल्टचं काम वायरमनकडून करून घ्या. फ्लोट असे जोडा की बुडाल्यावर स्विच उघडेल, आणि पिनांवर चिपच्या आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिनवरचा व्होल्टेज वर ओढून धरणारा रेझिस्टर) चालू ठेवा. मग गच्चीवर वायर तुटली तरी तो फ्लोट ‘बुडालेला’ वाचला जाईल: वरच्याची तुटली तर मोटर थांबेल, खालच्याची तुटली तर ती सुरूच होणार नाही.